आधी मागचं सांगा

हिंगोलीच्या भाजीबाजारात मला 'समुंदरवाली बाई' म्हणतात. त्यात कौतुक थोडं आणि कीव जास्त. बाईनं जन्मभर समुद्राचं काम केलं आणि निवृत्त होऊन राहायला आली कुठं, तर जिथून कोणत्याही दिशेनं निघालं तरी समुद्र लांबच पडतो अशा गावात! कांदे विकणारी एक मावशी एकदा म्हणाली, "मॅडम, तुमी जलमभर पान्यात व्हत्या, मंग आता इकडं वाळत काहून पडल्या?" मी म्हटलं, "वाळवण टिकतं, मावशी." तिनं दोन कांदे वर टाकले.

खरं सांगायचं तर मी पाण्यात कधी नव्हतेच. मला बोट लागते. डेकवर पाय ठेवला की पोटातलं सगळं बाहेर. माझं काम खुर्चीवरचं. संगणकात एक समुद्र तयार करायचा आणि त्याला विचारायचं, बाबा रे, हवा अशीच तापत गेली तर तुझ्या पोटातल्या माशांचं काय होईल? याला आमच्या धंद्यात मॉडेल म्हणतात. माझा जन्म इथल्याच, हिंगोलीजवळच्या पुसेगावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. धाकटा भाऊ मारोती अजून मेंढरं आणि शेती सांभाळतो. त्याला मी एकदा हे सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे आक्का, मेंढरं नसताना मेंढरं राखायची."

"तसंच समज."

"आन लांडगा?"

"तोही हिशोबातलाच."

"पगार तरी खरा देतात का गं?"

पगार खरा होता. काम किती खरं, हे ठरवण्यात मात्र सगळी हयात गेली. समुद्राचे आम्ही लहान लहान चौकोन पाडतो, वरपासून तळापर्यंत, एकावर एक. प्रत्येक चौकोनात किती ऊन, किती मीठ, किती प्राणवायू, किती हिरवं शेवाळ, ते खाणारे किती बारीक जीव आणि त्यांना खाणारे किती मासे, हे भरायचं. मग प्रत्येक चौकोन शेजाऱ्याला थोडं देतो, थोडं घेतो, आणि हिशोब पुढं सरकतो. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की एका जागी अधिक-उणे चुकलं तर भर उन्हाळ्यात समुद्र गोठतो. माझ्या हातून गोठलेला आहे. सगळ्या टीमनं त्या दिवशी मला लोकरीची टोपी घालून बसवलं होतं.

माझा समुद्र म्हणजे युरोपच्या उत्तरेचा बाल्टिक. 'माझा' म्हणते, कारण इतकी वर्षं ज्याची दुखणी काढली त्याला परका कसं म्हणू? चारी बाजूंनी जमीन, आणि बाहेरच्या मोठ्या समुद्राकडं जायला एक अरुंद, उथळ वाट. एका दाराचं घर म्हणा. नद्या गोडं पाणी आणून ओततात, ते हलकं म्हणून वर राहतं. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. वरचं खालच्यावर झाकणासारखं. वरून मेलेलं शेवाळ खाली पडतं, कुजतं, आणि कुजताना तळाचा प्राणवायू संपवून टाकतं. नवीन हवा यायची तर बाहेरच्या समुद्राचं ताजं खारं पाणी त्या एका दारातून आत आलं पाहिजे, आणि ते यायला वादळ लागतं, तेही बरोबर दिशेचं. त्यात पाणी तापलं की त्यात हवा मुळातच कमी मावते.

तिथं कॉड नावाचा मासा आहे. त्याची अंडी पाण्यात तरंगत राहिली तरच जगतात. वरच्या गोडसर पाण्यात ती तरंगत नाहीत, बुडतात. खाली पुरेसं मीठ आहे, तिथं तरंगतात, पण तिथं हवा नसते. मीठ आहे तिथं हवा नाही, हवा आहे तिथं मीठ नाही. मधे एक पातळ पट्टा उरतो, आणि तापमान वाढतं तसा तो पट्टा आमच्या पडद्यावर बारीक होत जायचा. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी त्या माशाला हात लावला नव्हता, चव घेतली नव्हती. तरी घरातलंच कुणी आजारी असल्यासारखं वाटत राहिलं.

आमच्या टीमची प्रमुख मार्टा म्हणून होती. तिचा एक नियम होता आणि त्यात तिनं कधी कुणाला सूट दिली नाही. मॉडेलनं पुढचं सांगण्याआधी मागचं सांगायचं. म्हणजे त्याला जुन्या काळात नेऊन सोडायचं, त्या वेळचं ऊन-वारा-पाऊस द्यायचा आणि विचारायचं, सांग बघू काय घडलं? जे प्रत्यक्ष घडलं त्याच्या नोंदी आमच्याजवळ असायच्या, पण त्या मॉडेलपासून आणि मॉडेल चालवणाऱ्यापासूनही लपवून ठेवायच्या. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्या लहानपणी पुसेगावात दारावर जोशी यायचा तोही असंच म्हणायचा, "माय, मागचं सांगतो, पटलं तर पुढचं इचारा." फरक एवढाच की तो आधी शेजारच्या घरी चौकशी करून यायचा. मार्टाचं सगळं आयुष्य त्या चौकशीवर पहारा देण्यात गेलं.

हिंगोलीला आल्यावर गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. बाई कॉम्प्युटरवर पुढचं सांगते, एवढीच बातमी गावात पसरलेली. वारंगा फाट्यावर ढाबा चालवणारा एक जण मुलाची पत्रिका घेऊन आला. मी म्हटलं, "अहो, मी माशांचं सांगते." तर म्हणतो, "मीन राशीचाच हाय पोरगा." दुसरे एक गृहस्थ आले ते निवडणुकीत कोण पडणार हे विचारायला. मी त्यांना पांढऱ्या लेंग्यासकट दारातून परत पाठवलं. माझा स्वभाव मुळात तिखट आहे, त्याला हिंगोलीच्या उन्हाची जोड मिळाली की विचारू नका.

मग एक दिवस तुळसाबाई आल्या. (नावं बदलली आहेत. त्यांना आणि पुढं येणाऱ्या गेमसिंगला विचारूनच लिहिते आहे.) तुळसाबाई सिद्धेश्वर धरणाच्या काठच्या, मासेमारीवर जगणाऱ्या घरातल्या. चाळिशी ओलांडलेली, आवाज असा की पलीकडच्या काठाला ऐकू जावा. त्यांच्या बायकांच्या गटानं धरणात पिंजरे टाकलेले. पिंजरा म्हणजे पाण्यावर तरंगणारी चौकट आणि तिला खाली लोंबणारं जाळं, आत चिलापी मासा वाढवायचा. मोकळ्या पाण्यातला मासा संकट आलं तर पळतो. पिंजऱ्यातला कुठं पळणार?

"आदल्या साली समदं मेलं," तुळसाबाई म्हणाल्या. "एका सकाळी गेलो तं समद्याईची पोटं वर. यंदा नवं बियाणं टाकलंय. तुमी सांगा, जगतंय का मरतंय?"

"आधी मागचं सांगावं लागेल," मी म्हटलं.

"मागचं मला ठावं हाय. गेमसिंगनं इख टाकलं."

मग ती सगळी हकीकत निघाली. गेमसिंग जवळच्या तांड्यावरचा शेतकरी. धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर तो उन्हाळी भुईमूग करायचा. पिंजऱ्यांकडं गाडी न्यायची वाट त्याच्या भुईमुगातून. त्यावरून बायकांची आणि त्याची भांडणं झालेली. मासे मेले त्याच्या आदल्या दिवशी तो पाठीला पंप बांधून फवारणी करताना सगळ्यांनी पाहिलेला. झालं, दोनाला दोन जोडले. तुळसाबाईंनी औंढ्याच्या बाजारात उभं राहून बोंब मारली की गेमसिंगनं पाण्यात विष कालवलं. तेव्हापासून त्याला लोक 'इखवाला' म्हणायला लागले. त्याच्या मुलीला आलेली सोयरीक फिरली. त्यानं वाटेवर बाभळीच्या काट्या रचून वाट बंद केली.

माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. उन्हाळा, खोल पाणी, एका सकाळी सगळे मासे. मी विचारलं, "त्या दिवशी आभाळ आलं होतं का?" आणि लगेच हात वर केला. "नका, नका सांगू! कोणत्या दिवशी मेले तेही सांगू नका. गटातल्या कुणालाच बोलू देऊ नका."

तुळसाबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "आता गं माय! डाक्टरकडं जायाचं आन दुखतं कुठं ते सांगायचं न्हाई?"

"हो. डॉक्टरनं स्वतः ओळखलं पाहिजे."

"आमच्यात शांता हाय. तिच्या पोटात तारीख ऱ्हात न्हाई, बाई."

ऱ्हायली, पण कशी ते विचारू नका. मी धरणावर गेले की शांताबाई तोंडाला पदर लावून लांब जाऊन बसायची. मारोतीला कुठून तरी तो दिवस कळला होता. तो एकदा जेवताना "आक्का, ते मासं..." एवढं बोलला आणि मी त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबला. मार्टाला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. बाल्टिकचं मॉडेल छाटून धरणाच्या मापाचं करायला तिनं मदत केली. मीठ काढून टाकलं, भरती-ओहोटी काढली, पण गाभा तोच ठेवला. शेवटी धरण काय आणि तो समुद्र काय, दोघंही कोंडलेलं पाणी.

उन्हाळ्यात धरणाचं वरचं पाणी तापतं, हलकं होतं, वरच राहतं. खालचं गार आणि जड. तळाला गाळ कुजत असतो, तिथली हवा संपलेली. ऊन कडक आहे तोवर सगळं ठीक, कारण वरच्या थरात शेवाळ उन्हावर हवा तयार करतं. पण एकाएकी आभाळ आलं, वारा सुटला, गार सरी आल्या, की वरचं पाणी गार होऊन खाली जातं आणि तळाचं बिनहवेचं पाणी वर येतं. पाणी उलटतं. अलीकडं उन्हाळे जास्त तापतात आणि मधेच अवकाळी येऊन आदळतो, म्हणजे उलटायला दोन्ही कारणं हाताशी. हे सगळं मोजायला मी होडीतून आत गेले, दोरीला मापक बांधून तळापर्यंत सोडला. आणि काय सांगू, धरणातसुद्धा मला उलटी झाली. तुळसाबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तिकडच्या समुंदरात कसं केलं वं माय तुमी?"

मॉडेलनं मागचं सांगितलं तेव्हा बायका लिंबाखाली गोल करून बसल्या होत्या. मी लॅपटॉप मांडीवर घेतला.  "मागच्या उन्हाळ्यात पाणी एकदाच पूर्ण उलटलं," मी म्हणाले. "आखितीच्या सणाच्या आदल्या दिवशी, पहाटेच्या सुमाराला."

 शांताबाईनं तोंडावरचा पदर काढला आणि म्हणाली, "व्हय. त्याच सकाळी."

मी त्यांना नीट सांगितलं, दोनदा सांगितलं. गेमसिंगनं विष टाकलं नाही, असं माझं मॉडेल सांगू शकत नाही. ते एवढंच सांगतं, की कुणी काहीही टाकलं नसतं तरी त्या सकाळी मासे मेलेच असते. तुळसाबाई जमिनीकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे त्या मानसानं हात बी न लावता मेले असते. आन म्या त्याच्या लेकीची सोयरीक मोडली."

"चला माझ्यासंगं," तुळसाबाई उठल्याच. "मला एकटीला त्याच्यासमोर त्वांड न्हाई."

गेमसिंग अंगणात दोर वळत बसला होता. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्याच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं आणि आत गेली. तुळसाबाईंनी सगळं सांगितलं आणि हात जोडले. "भाऊ, चुकलं माझं."

त्यानं दोर बाजूला ठेवला. "बाई, तुमी बाजारात वरडल्या. आन चुकलं म्हणून माझ्या घरात येऊन हळूच सांगून राहिल्या."

मला वाटलं, आता भडका उडणार. तुळसाबाईंच्या तोंडाचा पट्टा मी ऐकलेला होता. पण त्या नुसत्या उठल्या, म्हणाल्या, "बराबर हाय." आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी औंढ्याला, जिथं उभं राहून बोंब मारली होती त्याच जागी, माशांच्या टोपल्यांमधे उभं राहून त्यांनी तोच आवाज लावला. "ऐका वं! गेमसिंगनं इख टाकलं न्हाई! पानी उलटलं व्हतं! म्या खोटं बोलले, तुळसा खोटं बोलली!" बांगडीवाला दुकान सोडून बघायला धावला. मी भाजीची पिशवी घेऊन उभी होते, माझे डोळे भरून आले. मोठमोठ्या परिषदांत शास्त्रज्ञांनी आपलं चुकलं म्हणताना मी पाहिलंय, ते इतकं हळू म्हणतात की पहिल्या रांगेलाही ऐकू जात नाही.

गेमसिंगनं वाटेवरच्या काट्या काढल्या. आता इथं थांबता आलं असतं तर माझ्या कामाची केवढी इज्जत राहिली असती! पण मागचं सांगून झालं की लोक पुढचं विचारतातच. आणि पुढचं हे फार तकलीफीचं काम आहे.

त्या उन्हाळ्यात पुन्हा आभाळ येण्याची लक्षणं दिसायला लागली. मी मॉडेल चालवलं. बायकांना सांगितलं, "असं आभाळ आलं तर दहात सात वेळा पाणी उलटतं. निम्मे मासे आत्ताच काढून विका." मासे अजून पुरते भरले नव्हते. तरी माझ्या शब्दावर त्यांनी निम्मे काढले, गेमसिंगच्या शेतातून टेम्पो नेऊन बारीक मासा स्वस्तात विकला. आभाळ आलं. वारा सुटला. दोन दिवस ऊन नाही. आणि पाण्याला काही म्हणता काही झालं नाही. उरलेले मासे खुशाल शेपट्या हलवत फिरत होते.

"दहात तीन वेळा असंही होतं," मी सांगायला गेले. पण घरातला निम्मा माल स्वस्तात गेलेल्या बाईला दहात तीन काय ऐकू येणार? शांताबाई फटकन म्हणाली, "पुढचं खोटं निघालं, तं मागचं बी खोटंच असंल. म्हंजे गेमसिंगच व्हता!"

 मॉडेल चुकलं तर चुकू दे, माझं नाव खराब होऊ दे, मी काय, पेन्शनवाली बाई. पण माझ्या एका चुकलेल्या अंदाजानं त्या माणसाच्या गळ्यात तोच दगड पुन्हा अडकत होता. मी तळमळून समजावलं, की मागचं आणि पुढचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पुढच्यात उद्याचा वारा असतो आणि तो मला आज माहीत नसतो. बायका मान हलवत होत्या, पण पटल्याची नव्हे. तुळसाबाई मात्र कडाडल्या, "शांते, बाजारात म्या वरडले, मॅडम न्हाई! दोनदा गळा फाडलाय, आता तिसऱ्यांदा वरडायचं असंल तं तू वरड!"  पण शांताबाईचं बोललेलं ते काठावरून तांड्यावर गेलंच. दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्या परत आल्या.

मी गेमसिंगकडं गेले नाही. काय तोंडानं जाणार होते? घरी बसून मॉडेलची उलटतपासणी करत राहिले. वाऱ्याचा अंदाज थोडा चढा घेतला गेला होता, एवढंच सापडलं. मार्टा म्हणाली, तुझं मॉडेल चांगलं आहे. मी म्हटलं, मॉडेलचं कोण विचारतंय इथं!

मग एका सकाळी, उजाडता उजाडता, फोन वाजला. रात्रभर बाहेर वारा होता आणि थेंब पडत होते. हवामानाच्या अंदाजात यातलं काहीच नव्हतं.

"बाई, मी गेमसिंग. पिंजऱ्यातलं मासं समदं वर येऊन तोंड उघडून राहिले."

"तुळसाबाईंना सांगितलंत?"

"फोन लागंना. त्याईच्या वस्तीवर मानूस धाडला, पन लांब हाय, येळ लागंल."  तो पुढं म्हणाला, "बाई, मी काठावर उभा हाय. पिंजऱ्याजवळ गेलो न्हाई. गेलो आन मासं मेलं, तं उद्या परत माझंच नाव येईल. तुमी सांगा. काय करू?"

 या माणसानं गोधडी ओढून झोपून राहायचं होतं. कुणीच त्याला बोल लावला नसता. तो घरी असताना मासे मेले असते तर पाणी आपोआप उलटतं हे दिसून उलट शांताबाईचं तोंड बंद झालं असतं. आणि हा काठावर उभा राहून मला विचारतो आहे, काय करू. नको जाऊ म्हणणं सोपं होतं, त्याच्या भल्याचंही होतं. पण त्यानं नको ऐकायला फोन केलेला नव्हता.

"भाऊ, डिझेल इंजन आहे का तुमचं?"

"हाय की. भुईमुगाला पानी त्याच्यावरच देतो."

"मग लावा! धरणाचंच पाणी उचला आणि उंच उडवून पिंजऱ्यांवर पडू द्या. पाणी हवेतून फुटत पडलं पाहिजे, पाण्याला हवा लागली पाहिजे. जा! कुणी काही बोललं तर मी आहे!"

"तुमी हिंगोलीत हाय, बाई," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मारोती आदल्या दिवशी गावाकडून आलेला होता. त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून मी निघाले. वाटेत दहा वेळा ओरडले असेन, "अरे हाण की जोरात!" शेवटी तो म्हणाला, "आक्का, मेंढरू हाय का ही, हाणायला?"

पोचलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. वाटेवरच्या काट्या दोन्ही बाजूंना फेकलेल्या. पाणी उतरल्यामुळं पिंजरे काठाजवळ ओढून ठेवलेले होते. इंजनाचा धूर पाण्यावर पसरलेला, आणि गेमसिंग छातीइतक्या पाण्यात उभा राहून पाइपाच्या तोंडावर तळहात दाबून धरत होता. पाणी पंख्यासारखं पसरून पिंजऱ्यांवर कोसळत होतं. दोन पिंजऱ्यांत पांढरी पोटं दिसत होती. बाकीच्यांत मासे पाण्याच्या त्या माऱ्याखाली दाटी करून होते, हलत होते. जिवंत होते.

तुळसाबाई आणि गटातल्या बायका माझ्या पुढंमागंच धावत आल्या. काठावर आल्या आणि खिळल्यासारख्या थांबल्या. शांताबाईनं तोंडावर हात ठेवला. तुळसाबाई लुगडं खोचून तशाच पाण्यात शिरल्या, गेमसिंगपर्यंत गेल्या आणि पाइपाला हात घातला. "भाऊ, तुमी बसा आता. आमाला द्या."

त्यानं पाइप सोडला नाही. थंडीनं त्याचे ओठ निळे पडलेले. काठावर आता तांड्यावरची माणसंही जमली होती, वस्तीवरची पुरुषमंडळी आली होती. त्यानं त्या सगळ्यांकडं पाहिलं. "देतो. पन हे दोन पिंजरे गेलं, ते मी यायच्या आधीच गेलं व्हतं. मी एकटाच व्हतो इथं. कोन मानंल?"

तुळसाबाईंनी मान वर केली. तो औंढ्याच्या बाजारातला आवाज मी ओळखला.

"एकटे काहून? आमी पहाटंपासून हितंच व्हतो की! समद्या व्हतो!"

 मग काठावरून शांताबाई ओरडली, "व्हय! पहाटंपासून!" आणि ती पाण्यात उतरली. मागोमाग बाकीच्या उतरल्या, एकेक जण "व्हय, व्हय" म्हणत, अंगावरच्या वस्त्रानिशी.

गेमसिंगनं पाइप सोडला. काठावर आला, बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

थोड्या वेळानं गावातले एक वडीलधारे गृहस्थ माझ्याजवळ आले. शहाणी, शिकलेली बाई म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "मॅडम, खरं सांगा. ह्या बाया कवा आल्या?"

मी सगळं आयुष्य मागचं बिनचूक सांगण्यात घालवलं आहे. माझ्या पायात घाईत घातलेल्या दोन वेगवेगळ्या चपला होत्या, आणि पलीकडं मारोतीच्या मोटरसायकलचं इंजन अजून तापलेलं होतं.

"पहाटंपासून," मी म्हणाले. "मीसुद्धा."